दहावी ते बारावी : मुलांवरचे दडपण कमी करण्यासाठी घरात करायची व्यवस्था

“टेन्शन घेऊ नकोस” हे वाक्य दहावी-बारावीच्या मुलांना घरोघरी ऐकायला मिळते आणि आईवडील ते मनापासूनच म्हणत असतात. परंतु ज्या घरात क्लासची फी भरण्यासाठी सोने गहाण ठेवले आहे, पाहुण्यांचे येणेजाणे दोन वर्षांसाठी बंद केले आहे आणि रविवारच्या चाचणीचे गुण मुलगा घरी पोहोचण्याआधीच वडिलांच्या मोबाइलवर येतात, त्या घरातल्या मुलाला हे वाक्य खरे वाटत नाही. आपण काय बोलतो यापेक्षा घर कसे चालले आहे, यावरून मुले अंदाज बांधतात. म्हणून दडपण कमी करायचे असेल तर बोलणे सौम्य करून भागत नाही. पैसा, वेळ, गुणांविषयीची बोलणी आणि दुसरी वाट या बाबतींत घरातली व्यवस्थाच बदलावी लागते.

कनिष्ठ महाविद्यालयात शिकवताना आणि प्रवेशाच्या दिवसांत पालकांशी बोलताना जे पाहिले, त्यावरून हा क्रम मांडत आहे. राज्य मंडळाची दहावी, मग अकरावी विज्ञान आणि त्यासोबत जेईई (अभियांत्रिकीची राष्ट्रीय प्रवेशपरीक्षा), नीट (वैद्यकीयची) किंवा एमएचटी-सीईटी (राज्याची प्रवेशपरीक्षा) हा मार्ग येथे मुख्यतः धरला आहे, कारण आपल्याकडे सर्वांत जास्त दडपण याच दोन-सव्वादोन वर्षांत साठत जाते.

निकालाच्या आधीचा आठवडा

दहावीचा निकाल अलीकडे मे महिन्यात लागतो. निकालाच्या दिवशी काय करायचे, हे त्या दिवशी ठरवू नये. साधारण आठवडाभर आधी, मुलाला समोर बसवून, तीन गोष्टी ठरवाव्यात. निकाल प्रथम कोण पाहणार, हे मुलाने ठरवावे. त्याला एकट्याने पाहायचा असेल तर बैठक क्रमांक आणि आईचे नाव घेऊन मामा-काकांनी आपापल्या मोबाइलवर तो आधीच उघडणे थांबवावे. टक्के कोणाला सांगायचे आणि कोणी सांगायचे, हेही ठरवावे. नातेवाइकांचे फोन त्या दिवशी मुलाच्या हातात देऊ नयेत. “अभिनंदन, पण पाच टक्के कुठे गेले?” असे विचारणारे एक तरी आजोबा किंवा आत्या प्रत्येक कुटुंबात असतात आणि त्यांना उत्तर देणे हे पालकांचे काम आहे. तिसरी गोष्ट म्हणजे संध्याकाळचा बेत. जेवणाचा बेत, पेढे किंवा बाहेर जाणे टक्क्यांवर अवलंबून ठेवू नये. ते आधी ठरलेले असावे आणि निकाल कोणताही लागला तरी व्हावे.

या वेळी टक्क्यांचा अर्थही घरात नीट समजून घ्यावा. राज्य मंडळाचे टक्के सर्वाधिक गुणांच्या पाच विषयांवर काढले जातात आणि कला, क्रीडा यांसाठी मिळणारे सवलतीचे गुण त्यात मिळवले जातात. २०२५ च्या निकालात २११ विद्यार्थ्यांना १०० टक्के गुण मिळाले आणि त्यांतील ११३ एकट्या लातूर विभागातले होते. ज्या परीक्षेत शेकडो मुले कमाल गुणांना टेकतात, तिच्यातील ९१ आणि ९४ यांतला फरक मुलाच्या आकलनाविषयी फारसे काही सांगत नाही. तो फरक प्रवेशाच्या कट-ऑफपुरता महत्त्वाचा असतो आणि तेवढ्यापुरताच त्याचा विचार करावा.

गुण अपेक्षेपेक्षा फारच कमी आले, तर भावनेच्या भरात काही बोलण्याआधी मंडळाने दिलेल्या सोयी पाहाव्यात. गुणपडताळणी, उत्तरपत्रिकेची छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकन यांसाठी ठरावीक मुदतीत ऑनलाइन अर्ज करता येतो. पुनर्मूल्यांकन हवे असेल तर आधी छायाप्रत घ्यावी लागते. छायाप्रत मुलाने आपल्या विषयशिक्षकांना दाखवावी, कारण गुण खरोखर कमी दिले आहेत की उत्तर अपुरे आहे, हे घरी बसून कळत नाही. एक किंवा दोन विषयांत अनुत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याला एटीकेटीच्या, म्हणजे राहिलेले विषय नंतर सोडवण्याच्या, सवलतीने अकरावीत प्रवेश घेता येतो, आणि पुरवणी परीक्षा जून-जुलैच्या सुमारास होत असल्याने पूर्वीसारखे वर्ष वाया जात नाही. ज्या मुलाला अनुत्तीर्ण होण्याची भीती आहे, त्याला ही माहिती निकालाच्या आधी द्यावी. निकालानंतर तीच माहिती सांत्वनासारखी वाटते. आधी दिली तर आपल्यासाठी दार उघडे आहे, हे मुलाला कळते.

शाखा ठरवण्यापूर्वीची परीक्षा पुस्तकांची

८५ टक्क्यांच्या वर गुण मिळाले की विज्ञान, त्याखाली वाणिज्य आणि उरले तर कला, ही उतरंड आपल्याकडे इतकी रुळली आहे की मुलाला काय जमते हा प्रश्न विचारलाच जात नाही. मला स्वतःला असे वाटते की अकरावी-बारावीत जे दडपण दिसते, त्यातला मोठा वाटा या एका चुकीच्या प्रवेशातून आलेला असतो आणि तो पुढे कोणत्याही समुपदेशनाने पुरता भरून निघत नाही.

निकाल आणि अकरावीचे वर्ग सुरू होणे यांत काही आठवडे मिळतात. या काळात बालभारतीची अकरावीची भौतिकशास्त्र आणि गणिताची पुस्तके घ्यावीत. ती ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर विनामूल्य उतरवून घेता येतात. मुलाने रोज दीड तास, तीन आठवडे, कोणत्याही शिकवणीशिवाय त्यांतील दोन-तीन प्रकरणे स्वतः वाचावीत आणि उदाहरणे सोडवून पाहावीत. किती उदाहरणे बरोबर आली, हे मोजू नये. न सुटलेले उदाहरण तो दुसऱ्या दिवशी पुन्हा हातात घेतो का, की पहिल्या दहा मिनिटांत उत्तर शोधायला लागतो, हे पाहावे. सांगितल्याशिवाय तो पुस्तक उघडतो का आणि एखादी गोष्ट समजल्यावर ती कोणाला तरी सांगावीशी वाटते का, हेही पाहावे. मुलाला हे वाचन सतत ओझे वाटत असेल, तर दोन वर्षे रोज बारा तास तेच करण्याचा आग्रह धरण्याआधी थांबायला हवे. याच तीन आठवड्यांत वाणिज्य किंवा मानव्यविद्यांची पुस्तकेही चाळून पाहावीत. शास्त्रीय कलचाचणी करायची असल्यास ती मान्यताप्राप्त मानसशास्त्रज्ञाकडूनच करावी. पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीसारख्या संस्था हे काम दीर्घकाळ करत आल्या आहेत. चाचणीचा अहवाल मुलाच्या हाती द्यावा आणि त्याच्याशी त्यावर बोलावे. आपण आधीच ठरवलेल्या शाखेसाठी पुरावा म्हणून तो वापरू नये.

अभियांत्रिकीची खरी आवड असलेल्या मुलासाठी अकरावी हा एकच रस्ता नाही. दहावीनंतर तंत्रनिकेतनात तीन वर्षांची पदविका करून पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. यंत्रांत रमणारी, पण बहुपर्यायी प्रश्नांच्या शर्यतीत कोमेजणारी मुले या मार्गाने स्थिरावलेली मी पाहिली आहेत, आणि “डिप्लोमा म्हणजे कमी मार्कांची मुले” हा समज मोडायला हवा, असे मला मनापासून वाटते.

अकरावीचे ऑनलाइन प्रवेश २०२५-२६ पासून संपूर्ण राज्यात लागू झाले. पसंतीक्रमात दहा महाविद्यालये देता येतात आणि पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाल्यावर तेथे प्रवेश घेतला नाही, तर विद्यार्थी पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर जातो. म्हणून केवळ नावासाठी दूरचे महाविद्यालय पहिल्या क्रमांकावर टाकू नये. येण्याजाण्यात रोज अडीच-तीन तास जाणार असतील, तर दोन वर्षांत त्याची किंमत मुलाची झोप देते.

क्लासमध्ये पैसे भरण्यापूर्वी

क्लासच्या कार्यालयात गेलेल्या पालकांना बहुतेक वेळा त्याच दिवशी पैसे भरायला सांगितले जाते. सवलतीची शेवटची तारीख आजच असते आणि जागा दोनच उरलेल्या असतात. घरातून निघतानाच ठरवावे की आज पैसे भरायचे नाहीत.

केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये शिकवणी वर्गांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. सोळा वर्षांखालील किंवा दहावीची परीक्षा न दिलेल्या विद्यार्थ्यांना प्रवेश देऊ नये, गुणांची किंवा क्रमांकाची हमी देऊ नये, दिवसाला पाच तासांहून अधिक शिकवू नये, आठवड्याला एक सुटी द्यावी आणि सुटीच्या दुसऱ्या दिवशी चाचणी ठेवू नये, असे त्यांत म्हटले आहे. विद्यार्थ्याने मध्येच क्लास सोडला, तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करावी, हेही त्यांत आहे. शिवाय सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी जे निर्देश दिले, त्यांत गुणांनुसार तुकड्या पाडणे आणि विद्यार्थ्यांना चारचौघांत लाजवणे क्लासनी टाळावे, असे स्पष्ट आहे. हे सगळे सर्वत्र पाळले जाते असे नाही, पण प्रश्न विचारायला त्यांचा आधार घेता येतो.

क्लासला विचारायचे प्रश्न लिहून न्यावेत. मुलाने ऑगस्टमध्ये क्लास सोडला, तर किती पैसे परत मिळतील, आणि ते पावतीवर किंवा करारावर लिहून मिळेल का? तुकड्या गुणांवरून बदलतात का, आणि खालच्या तुकडीला शिकवणारे शिक्षक तेच असतात का? गुणांची यादी भिंतीवर लावतात का? समुपदेशक आहे का, तो कोणत्या वारी असतो आणि मुलाला पालकांच्या परवानगीशिवाय त्याला भेटता येते का? जाहिरातीतल्या यशस्वी मुलांपैकी किती जणांनी येथे पूर्ण दोन वर्षे शिक्षण घेतले आणि किती जण फक्त चाचणीमालेला होते? जाहिरातीतून दिशाभूल झाली किंवा परताव्यात टाळाटाळ झाली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते.

महाविद्यालयात नाव नोंदवायचे, पण तेथे कधीच जायचे नाही, अशी सोय करून देणाऱ्या ‘इंटिग्रेटेड’ व्यवस्थेबद्दल माझे मत प्रतिकूल आहे. वेळ वाचतो हे खरे, परंतु त्याबरोबर प्रयोगशाळा जाते, मैदान जाते, आणि मुख्य म्हणजे वेगळ्या शाखांची, वेगळ्या स्वप्नांची मुले भेटेनाशी होतात. सकाळपासून रात्रीपर्यंत एकाच परीक्षेच्या तयारीत असलेल्या शंभर मुलांत राहिल्यावर जगात दुसरे काही नाही, असे सोळा वर्षांच्या मुलाला वाटू लागले, तर त्यात त्याचा दोष नाही. बारावीच्या गुणांनाही अर्थ आहे. आयआयटी आणि एनआयटीच्या प्रवेशासाठी खुल्या गटात बारावीला ७५ टक्के किंवा आपल्या मंडळातील वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये, म्हणजे सर्वाधिक गुणांच्या २० टक्के विद्यार्थ्यांत, असणे लागते.

पैशांविषयी एक गोष्ट मुलाशी स्पष्ट बोलावी. घराला किती झेपते हा आकडा आईवडिलांनी आधी आपसांत ठरवावा आणि त्यापलीकडे जाऊ नये. फी किती आणि ती कशी भरली, हे मुलाला एकदा, शांतपणे सांगावे. लपवू नये, कारण मुलांना कळतेच. त्यानंतर मात्र तो विषय गुणांशी कधीही जोडू नये. “तुझ्यासाठी एवढे कर्ज काढले” हे वाक्य एकदा जरी तोंडातून गेले, तरी पुढची प्रत्येक चाचणी मुलाला कर्जाच्या हप्त्यासारखी वाटते. कर्ज काढल्याशिवाय क्लास शक्य नसेल, तर क्लासशिवायची योजना करावी. एमएचटी-सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत आणि तिचा अभ्यासक्रम राज्य मंडळाच्या पुस्तकांवर आधारलेला आहे. त्यामुळे अकरावी-बारावीची पाठ्यपुस्तके नीट केलेल्या, नियमित सराव करणाऱ्या मुलाला राज्यातल्या अभियांत्रिकी, औषधनिर्माण आणि कृषी अभ्यासक्रमांपर्यंत पोहोचता येते.

चोवीस तासांचा हिशेब

एका कागदावर मुलाच्या आठवड्यातल्या साध्या दिवसाचे तास लिहावेत आणि सुरुवात झोपेपासून करावी. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना रोज आठ ते दहा तास झोप लागते, अशी झोपेच्या तज्ज्ञांची शिफारस आहे. म्हणून आठ तास आधी खोडून टाकावेत. आंघोळ, जेवण आणि घरातला थोडा वावर यांना तीन तास, प्रवासाला जेवढे लागतात तेवढे, मग महाविद्यालय आणि क्लास. खाली उरते तो स्वतः बसून अभ्यास करण्याचा वेळ. अनेक घरांत हा आकडा शून्याच्या जवळ येतो आणि तेव्हा लक्षात येते की मूल आळशी नव्हते, त्याला वेळच नव्हता. ऐकलेले स्वतः सोडवून पाहिल्याशिवाय पक्के होत नाही. रोज किमान अडीच-तीन तास स्वतःच्या अभ्यासाला मिळत नसतील, तर क्लासचे किंवा प्रवासाचे तास कमी करावेत. पहाटे चारचा गजर लावून ती भरपाई करू नये.

रोज अर्धा तास अंग हलवण्याचा असावा. आठवड्यातून एक अर्धा दिवस पूर्ण मोकळा असावा आणि त्या वेळेत मुलाने काय केले, याचा जाब विचारू नये. तबला, चित्रकला, कबड्डी यांपैकी जे आधीपासून चालू आहे, त्यातले एक तरी तोडू नये. मोबाइल पूर्ण काढून घेण्यापेक्षा रात्री दहानंतर घरातल्या सगळ्यांचे मोबाइल, आईवडिलांचेही, बाहेरच्या खोलीत ठेवण्याचा नियम टिकतो. मुलापुरता केलेला नियम आठवड्याभरात मोडतो.

चाचणीचे गुण घरी येतात तेव्हा

या लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग माझ्या मते हा आहे. दोन वर्षांत मुलगा अंतिम परीक्षा एकदाच देतो, पण चाचण्या शंभराच्या आसपास देतो. प्रत्येक चाचणीनंतरची संध्याकाळ घरात कशी जाते, त्यातून दडपण वाढते किंवा निवळते.

क्लासकडून पालकांच्या मोबाइलवर येणारे गुणांचे संदेश शक्य असल्यास बंद करायला सांगावेत, किंवा ते मुलाच्याच क्रमांकावर पाठवायला सांगावेत. हे जमत नसेल तर एक नियम घरात करावा: संदेश आला तरी मुलाने स्वतः विषय काढेपर्यंत आपण तो काढायचा नाही. दारातून आत आलेल्या मुलाला पहिला प्रश्न जेवणाचा असावा. रात्रीपर्यंत त्याने सांगितले नाही, तर दुसऱ्या दिवशीही विचारू नये. आठवड्यातला एक दिवस, समजा शनिवार संध्याकाळची वीस मिनिटे, अभ्यासाच्या बोलण्यासाठी राखून ठेवावीत आणि जे काही विचारायचे ते तेव्हाच विचारावे. सुरुवातीला पालकांना हे फार जड जाते, हे मी पाहिले आहे. पण दोन महिन्यांत मुले आपणहून सांगू लागतात, कारण सांगितल्यावर काय होणार, याची भीती उरलेली नसते.

त्या वीस मिनिटांत एकूण गुणांवर बोलू नये. मुलाने आपली उत्तरपत्रिका घेऊन चुकांचे चार ढीग करावेत: मुळात न समजलेले, समजलेले पण आठवले नाही असे, हिशेबात किंवा वाचण्यात चुकलेले, आणि वेळ न पुरल्याने सुटलेले. पहिल्या ढिगासाठी शिक्षकांकडे जायचे असते, दुसऱ्यासाठी काही दिवसांच्या अंतराने पुस्तक मिटून आठवण्याचा सराव लागतो, तिसऱ्यासाठी झोप आणि घाई यांकडे पाहावे लागते, आणि चौथ्यासाठी प्रश्नांचा क्रम बदलून पाहावा लागतो. “अजून मेहनत कर” या सल्ल्याने यातला एकही ढीग लहान होत नाही. पालकांना भौतिकशास्त्र येत नसले तरी कोणता ढीग मोठा आहे, एवढे त्यांना नक्की विचारता येते आणि त्या प्रश्नाने मुलाला अपमान वाटत नाही.

तुलनेबद्दलही एक ठोस गोष्ट सांगतो. २०२४ च्या नीटच्या पहिल्या निकालात ६७ विद्यार्थ्यांना ७२० पैकी ७२० गुण दाखवले होते, तर २०२५ मध्ये देशात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याला ६८६ गुण होते. प्रश्नपत्रिकेची काठिण्यपातळी दरवर्षी इतकी बदलते. म्हणून मावसभावाला दोन वर्षांपूर्वी किती गुण होते, हा आकडा आज आपल्या घरात काढण्याला अर्थच नाही. तुलना करायचीच असेल तर मुलाच्या आजच्या चाचणीची त्याच्याच तीन महिन्यांपूर्वीच्या चाचणीशी करावी.

मुलींवरचे वेगळे ओझे

मुलींच्या बाबतीत एक दडपण असे असते की ते घरात कोणी उच्चारत नाही. भावाला एक वर्ष अधिक मिळेल, पण आपल्याला एकच संधी आहे. या वर्षी प्रवेश मिळाला नाही तर स्थळे पाहायला सुरुवात होईल, किंवा घराजवळच्या महाविद्यालयात जे मिळेल ते घ्यावे लागेल, हे अनेक मुलींना न सांगता माहीत असते. ग्रामीण भागात शेवटच्या एसटीच्या वेळेवरून मुलीचा क्लास आणि कधी कधी शाखाही ठरते. पालकांनी अकरावीच्या सुरुवातीलाच मुलीला स्पष्ट शब्दांत सांगावे की परीक्षेचा निकाल आणि लग्न यांचा संबंध नाही, आणि मुलाला जितकी वर्षे दिली असती तितकीच तिला मिळतील. हे सांगताना घरातले मोठे माणूस, आजी किंवा आजोबा, समोर असावे, म्हणजे नंतर शब्द फिरणार नाही. पाळीच्या दिवसांत चाचणी चुकली किंवा गुण उतरले, तर त्यावर खुलासा मागू नये. घरकामाची वाटणीही पाहावी. परीक्षेच्या काळात भावाला सूट आणि बहिणीच्या हाती भाकरीचे पीठ, हे चित्र अजून अनेक घरांत आहे.

शिक्षणाच्या खर्चाची भीती असेल तर ही माहिती उपयोगी पडेल: ८ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्गातील मुलींना व्यावसायिक पदवी अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्कात १०० टक्के सवलत देण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२४-२५ पासून लागू केला आहे. अभ्यासक्रम आणि प्रवेशाचा प्रकार यांच्या अटी मात्र प्रवेशावेळी तपासून घ्याव्यात.

कागदपत्रांची भीती

राखीव प्रवर्गातील मुलांच्या घरी बारावीनंतरचा जून महिना अनेकदा अभ्यासाच्या नव्हे, जात वैधता प्रमाणपत्राच्या काळजीत जातो. जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडे अर्ज करण्यासाठी आजोबा-पणजोबांचे शाळेचे दाखले, गावचे जुने अभिलेख गोळा करावे लागतात आणि त्याला महिने लागतात. अकरावीत असतानाच महाविद्यालयामार्फत हा अर्ज करावा. अधिवास, उत्पन्न, नॉन-क्रिमीलेअर यांच्या प्रती एका फाइलमध्ये ठेवाव्यात. हे काम पूर्णपणे मोठ्यांचे आहे. तहसीलच्या रांगेत मुलाला उभे करू नये. आणि राखीव जागेवरून कोणी मुलाला टोमणा मारला, तर “दुर्लक्ष कर” एवढे म्हणून सोडून देऊ नये. वर्गशिक्षकांना किंवा प्राचार्यांना लेखी कळवावे.

बाहेरगावी ठेवताना

लातूर, पुणे किंवा राजस्थानातील कोटा येथे मुलाला ठेवायचे असेल, तर आधी पंधरा दिवस तेथे राहून पाहण्याची अट घालावी. खोली एकट्याची नसावी. मेसचे जेवण पालकांनी स्वतः दोन दिवस खावे. रोजच्या फोनवर अभ्यासाचा एकही प्रश्न नको. आज कोणाशी गप्पा मारल्या आणि काय जेवलास, या दोन प्रश्नांच्या उत्तरांवरून सगळे कळते. सलग काही दिवस कोणाचेही नाव येत नसेल, तर पुढच्या गाडीने जाऊन यावे. परत यावेसे वाटले तर येता येईल, हे निघतानाच सांगावे आणि खोलीची अनामत रक्कम बुडेल, हे कारण कधीही पुढे करू नये.

धोक्याची चिन्हे दिसली तर

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद आहे आणि त्यांतील १,७६४ महाराष्ट्रातल्या आहेत. इतर कोणत्याही राज्यापेक्षा हा आकडा मोठा आहे. परीक्षा हे त्यामागचे एकमेव कारण नसते, तरीही शाळा-महाविद्यालयात जाणारे मूल ज्या घरात आहे, त्या घराने ही चिन्हे ओळखायला शिकले पाहिजे.

परीक्षेपूर्वी थोडी चिडचिड, एखादी रात्र झोप न लागणे, हे नेहमीचे आहे. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप किंवा भूक बिघडलेली असणे, आवडत्या गोष्टींतून मन निघणे, मित्रांना टाळणे, डोके किंवा पोट वारंवार दुखणे आणि तपासणीत काही न सापडणे, ही मदत घेण्याची चिन्हे आहेत. “मी तुमच्यावर ओझे आहे”, “माझ्याशिवाय तुमचे बरे चालेल” असे बोलणे, आवडीच्या वस्तू वाटून टाकणे, निरोप घेतल्यासारखे वागणे किंवा स्वतःला इजा करणे, ही तातडीची चिन्हे आहेत. अशा वेळी मुलाला सरळ विचारावे: “तुझ्या मनात जीव देण्याचे विचार येतात का?” असे विचारल्याने तो विचार मनात पेरला जातो, हा समज चुकीचा आहे; उलट कोणीतरी विचारले म्हणून मूल बोलते. उत्तर होकारार्थी आले तर रागावू नये, शपथा घालू नयेत, आईला काय वाटेल हे सांगू नये. “तू मला सांगितलेस हे चांगले केलेस, आपण आजच मदत घेऊ” एवढे पुरेसे आहे. त्यानंतर मुलाला एकटे सोडू नये, घरातली औषधे आणि कीटकनाशके कुलपात ठेवावीत, आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जावे. टेलिमानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतूनही उपलब्ध आहे. अठरा वर्षांखालील मुलाला स्वतः मदत मागायची असेल तर १०९८ आणि जिवाला धोका असेल तर ११२ हे क्रमांक आहेत. ते फ्रिजवर चिकटवून ठेवावेत, म्हणजे मुलाला कोणाकडे मागावे लागणार नाहीत.

वळण्याची जागा आधी ठरवणे

दोन तारखा अकरावीच्या सुरुवातीलाच कॅलेंडरवर लिहाव्यात. पहिली, अकरावीच्या दिवाळीच्या सुटीतली. त्या दिवशी एकच प्रश्न विचारावा: ही वाट चालू ठेवायची का? शाखा किंवा क्लास बदलायचा असेल तर तेव्हा हालचाल करायला अजून वेळ असतो. मुलाला ही तारीख आधीपासून माहीत असल्यामुळे अडचण सांगण्यासाठी त्याला मोठे धाडस गोळा करावे लागत नाही.

दुसरी तारीख बारावीच्या जानेवारीतली, निकालांच्या कितीतरी आधीची. २०२५ मध्ये २२ लाखांहून अधिक विद्यार्थी नीटला बसले आणि देशात एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास होत्या. म्हणजे साधारण अठरा मुलांमागे एक जागा, आणि त्यातही कमी शुल्काच्या सरकारी जागा त्याहून कितीतरी कमी. हा हिशेब मुलासमोर मांडून दुसरी, तिसरी आणि चौथी पसंती लिहावी: दंतवैद्यक, आयुर्वेद, पशुवैद्यक, औषधनिर्माण, कृषी, परिचर्या, मूलभूत विज्ञानातली पदवी. प्रत्येक पसंतीची प्रवेशपरीक्षा, अर्जाची मुदत आणि शुल्क शेजारी लिहावे, आणि त्या त्या अभ्यासक्रमाच्या एका तरी विद्यार्थ्याशी मुलाची भेट घालून द्यावी, म्हणजे ती नुसती यादी राहणार नाही.

ड्रॉपचा, म्हणजे वर्षभर थांबून पुन्हा परीक्षा देण्याचा, निर्णयही याच दिवशी बोलून ठेवावा. आयआयटीसाठीची जेईई ॲडव्हान्स्ड सलग दोनच वर्षे देता येते, पण नीटला प्रयत्नांची मर्यादा नाही आणि त्यामुळे “अजून एक वर्ष” कधी संपत नाही. कोणत्या गुणांच्या खाली आले तर पुन्हा प्रयत्न करायचा नाही, हा आकडा मुलाने स्वतः लिहावा. पुन्हा प्रयत्न करायचा झाला, तर तो एकदाच असेल, तो मुलाच्या इच्छेने असेल, आणि त्या वर्षी तो कुठे राहणार, दिवसातून कोणाला भेटणार आणि अभ्यासाव्यतिरिक्त काय करणार, हे कागदावर आले पाहिजे. निकालानंतर पहिले दहा दिवस हा कागद उघडू नये. अकराव्या दिवशी तो मुलानेच आणावा आणि जे लिहिले होते त्यात आता काय बदलायचे आहे, ते आधी त्याला बोलू द्यावे.